कागदाला बरोबर बसलेली काच

आमच्या गाडीची मागची काच मी फोडली. हे आधीच सांगून टाकतो, कारण गल्लीतल्या लोकांना मी चार दिवस वेगळंच सांगत होतो. ट्रकच्या चाकाखालून दगड उडाला, असं. गाडी आमच्या दुकानासमोर उभी होती आणि आमच्या गल्लीत ट्रक शिरूच शकत नाही. पण मी इतक्या ठामपणे सांगायचो की ऐकणारा मान डोलावून पुढे जायचा.

मी टेलर आहे. चाळीस वर्षं कोट आणि पँटी शिवतोय. राग माझ्या नाकावर असतो असं आमची ही म्हणते, आणि माझं नाक तसं ऐसपैस असल्यामुळे त्याची तिथे कधी गैरसोय झालेली नाही. गाडी मात्र माझी नाही, हिची. बावीस वर्षांची, लांबट, मागे मोठी डिकी असलेली. मला चालवता येत नाही. ही वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी शिकली. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो, आणि पहिल्या परीक्षेत ती नापास झाल्यावर दोन दिवस मी फार गोड वागलो, ते तिला हसण्यापेक्षा जास्त झोंबलं. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. मग नदीपलीकडच्या वस्तीतल्या बायकांसाठी तिने शिवणवर्ग काढला. सोमवार, मंगळवार, गुरुवार, दुपारी बारा ते चार. अकरा जणी येतात. तिकडे बस जात नाही, त्यामुळे गाडी आहे तर वर्ग आहे, इतकं ते सरळ. त्याआधी तीस वर्षं ती माझ्या दुकानात मागच्या स्टुलावर बसून काज-बटण करत होती.

त्या गुरुवारी माझ्याकडे एका बँडचे चौदा कोट होते. शनिवारी द्यायचे होते आणि काज एकाचंही झालेलं नव्हतं. मी म्हणालो, आज वर्ग राहू दे. ती म्हणाली, आज गुरुवार आहे. मी म्हणालो, गुरुवार पुढच्या आठवड्यातही येईल. ती म्हणाली, मग कोटही पुढच्या आठवड्यात द्या. वर शांतपणे मलाच सांगितलं की तेवढं इस्त्रीचं घडीचं टेबल गाडीत ठेवा, आज बायकांना कॉलरची इस्त्री शिकवायची आहे.

मी टेबल उचललं आणि मागच्या सीटवर तिरकं कोंबलं. ती दुकानाच्या दारातून म्हणाली, "हळू, त्याचा पाय काचेला टेकलाय." मी ते ऐकलं. ऐकलं आणि गाडीचं दार आपटलं.

आवाज काही फार मोठा झाला नाही. काच एक क्षण जागच्या जागी पांढरी झाली आणि मग सगळीच्या सगळी सीटवर, डिकीवर, रस्त्यावर सांडली. मिठाच्या खड्यांएवढे तुकडे. ही दारात उभी होती. मला वाटलं आता माझी हजामत होणार. पण ती आत गेली, झाडू घेऊन आली आणि खाली बसून खडे गोळा करायला लागली. तिच्या तोंडातून चकार शब्द निघाला नाही. माझ्यासारख्या माणसाला बोलणारी बायको परवडते, गप्प बसलेली परवडत नाही.

त्यात पुढच्या सोमवारी अकरा वाजता गाडीची सरकारी तपासणी होती. जुन्या गाड्यांना ती दरवर्षी असते. तारीख हुकली की पुढची तारीख चार महिन्यांनी, आणि तोवर गाडी रस्त्यावर काढायची नाही. चार महिन्यांत वर्ग मोडला असता. त्या बायका घरची कामं, पोरंबाळं, सासवा सगळं सांभाळून येतात. एकदा बसलेली घडी विसकटली की पुन्हा बसत नाही, हे मला न सांगता कळत होतं.

गाड्यांच्या काचांच्या तीन दुकानांत मी फिरलो. एकाने गाडीचं साल ऐकून मला पाणी दिलं, तेवढीच काय ती सेवा. ही काच आता बनतच नाही, भंगारात मिळाली तर बघा, आणि मिळाली तरी बसवणारा मिळणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. हल्लीच्या काचा डिंकासारख्या मसाल्याने चिकटवतात. आमच्या गाडीची काच जाड रबरात धरलेली असते आणि तशी बसवणारे हात आता उरले नाहीत म्हणे.

"हात आहेत," ही म्हणाली आणि तिने आपल्या धाकट्या भावाला फोन लावला.

माझा हा मेहुणा बसच्या डेपोत काचा बसवायचा. गेल्या वर्षी निवृत्त झाला. मी त्याला मनातल्या मनात घुम्या म्हणतो, कारण तो घरी आला की 'बरं आहे ना' एवढं विचारतो, चहा पितो आणि 'निघतो' म्हणून निघतो. मधे काही नाही. त्याचं कारण मी आहे. आमच्या लग्नानंतरच्या वर्षी त्याला डेपोत नोकरी लागली, तेव्हा दहा माणसांच्या पंगतीत मी म्हणालो होतो, "काच बसवायला काय लागतं? एक काच आणि एक भोक." सगळे हसले. तो पण थोडा हसला. तेव्हापासून त्याने माझ्याकडे एक सदरा शिवून घेतलेला नाही. तयार सदरे घालतो. खांद्याची शिवण दंडापर्यंत उतरलेली, कॉलर मानेपासून बोटभर लांब. टेलरच्या सख्ख्या मेहुण्याने असं हिंडावं म्हणजे माझ्या दुकानावर फिरती उलटी पाटीच होती.

फोनवर तो म्हणाला की काच मी स्वतः बघून आणतो. मी मागून ओरडलो की मापाचं मी बघतो, त्याने फक्त बसवायला यावं. माप काढण्यात मला कोणी शिकवावं असा माणूस जन्माला यायचा आहे, असंही काहीतरी मी बोललो.

शुक्रवारी मी कटिंगचा खाकी कागद घेतला, गाडीच्या उघड्या भोकावर ताणून चिकटवला, अंगठ्याने चारी कडा दाबून घेतल्या आणि मोठ्या कात्रीने कागद कापला. शनिवारी कागद गुंडाळून भंगाराच्या यार्डात गेलो. भंगारवाला भला माणूस. काढून ठेवलेल्या काचा त्याने एकेक करून माझ्या कागदावर ठेवल्या. पाचवी काच अशी बसली की कागद दिसेनासा झाला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. मी ती काच कोटाच्या अस्तरात गुंडाळून तान्ह्या मुलासारखी घरी आणली. मधल्या वेळात बँडचे काज मी स्वतः केले. चौदा कोटांचे. ते कसे झाले हे बँडवाल्यांनी फार सभ्यपणे पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

रविवारी सकाळी आठच्या ठोक्याला घुम्या आला. खांद्याला कॅनव्हासची पिशवी, अंगात तोच तो खांदे उतरलेला सदरा. 'बरं आहे ना' झालं. मला वाटलं आता कामाला लागेल, तर दहा मिनिटं तो गाडीभोवती नुसता फिरला. मग भोकाच्या पत्र्याच्या कडेवरून एक बोट फिरवलं, आंधळ्या माणसाने वाचावं तसं. दोन ठिकाणी थांबला. तिथे गंज होता, मला तो तोवर दिसलाच नव्हता. पॉलिशपेपरने तेवढाच भाग घासला, ब्रशने रंगाचा हात दिला. रबराच्या खाचेत अडकलेले काचेचे खडे एका बोथट पट्टीने असे काढले की रबराला चरासुद्धा गेला नाही. रबर सोडवून गुंडाळलं आणि हिला सांगून गरम पाण्याच्या बादलीत टाकलं. मी हे सगळं हाताची घडी घालून बघत होतो, आणि खरं सांगायचं तर घडी हळूहळू सुटत चालली होती. मी काम ओळखतो. आधी जागा बघायची, मग हत्यार काढायचं, हे मी माझ्या कारागिरांना चाळीस वर्षं सांगतोय आणि एकाच्याही डोक्यात ते शिरलेलं नाही.

"काच आणा," तो म्हणाला.

मी ऐटीत ती आणून कटिंगच्या टेबलावर ठेवली. त्याने एक क्षण पाहिलं, पिशवीतून सुतळी काढली आणि काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजली. मग गाडीचं भोक मोजलं. मग सुतळी परत पिशवीत ठेवली.

"भावोजी, ही मोठी आहे. याच कंपनीच्या थोरल्या गाडीची."

मी म्हणालो, शक्यच नाही, कागदाला अगदी बरोबर बसलीय.

"कागदाला बसलीय," तो म्हणाला. "गाडीला बसणार नाही."

तेव्हा मी जे बोललो ते आठवलं की आजही कान तापतात. मी म्हणालो, मग कडेने थोडी काप की. तो हसला नाही. हसला असता तर त्याचा हक्कच होता. त्याने मला समजावून सांगितलं की ही काच भट्टीत तापवून कडक केलेली असते. एकदा तयार झाली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, घासता येत नाही. कडेला हत्यार लागलं की तिचं गुरुवारी झालं तेच होणार. तीस वर्षांत त्याच्या तोंडून इतकी वाक्यं मी एका दमात ऐकली नव्हती.

ही बादलीपाशी उभी होती. तिने हातातला पंचा खाली ठेवला.

"मुद्दाम केलंत ना?" ती म्हणाली. आवाज चढवून नाही, साध्या आवाजात. "आधी फोडलीत. मग माप मी बघतो म्हणालात. तुमचं माप चुकतं असं मी कधी पाहिलं नाही. उद्या अकरा वाजता मी काय दाखवू तिथे?"

तिचं बोलणं कुठे खोडायचं तेच कळेना. माप चुकलं म्हणावं तर चाळीस वर्षांची अब्रू जात होती, नाही चुकलं म्हणावं तर बायको जात होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, गुरुवारी दार आपटताना माझ्या मनात नेमकं काय होतं हे माझं मलाच नीट सांगता येत नव्हतं.

घुम्याने माझा खाकी कागद उचलला. खिडकीच्या उजेडात धरला, मग टेबलावर पसरून वाकून पाहिला. बराच वेळ पाहिला. तो नुसता गप्प राहिला असता तरी माझं पुरतं वाटोळं झालं असतं, आणि गप्प राहण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

"ताई, इकडे ये," तो म्हणाला. "ही कागदाला बारीक घडी पडलीय बघ, अंगठ्याने दाबलेली. ही खरी कड. भावोजींनी माप बरोबर घेतलंय, केसाचा फरक नाही. कापताना मात्र चारी बाजूंनी दोन बोटं बाहेर गेलेत. कोपऱ्यांतसुद्धा तितकीच दोन बोटं. मुद्दाम चुकवणारा माणूस इतकं सारखं चुकवत नाही. हा कापडाचा हात आहे. शिवणीसाठी सोडतात तसं सोडलंय."

मी वाकून बघितलं. कापड बेतताना शिवणीसाठी कडेने जे जास्तीचं सोडतात, त्याला आम्ही माया म्हणतो. मी गाडीच्या काचेला माया सोडली होती. डोकं मापात होतं आणि हाताने आपली सवय केली होती. माझा चाळीस वर्षांचा हात त्या कागदावर उमटला होता, आणि मला तो ओळखता आला नाही. ओळखला तो या माणसाने, ज्याच्या कामाला मी भर पंगतीत 'एक काच आणि एक भोक' म्हणालो होतो. मला इतकी लाज वाटली की मी उगाचच टेबलावरची कात्री उचलून दुसरीकडे ठेवली.

हिने घडीवरून एक बोट फिरवलं. तिला कापड कळतं, त्यामुळे जास्त सांगावं लागलं नाही. "भंगाराचं यार्ड रविवारी बाराला बंद होतं," ती म्हणाली आणि गाडीची किल्ली घेतली.

गाडीला मागून काच नसल्यामुळे आत असा वारा घुसत होता की माझे उरलेसुरले केस उभे राहिले. मी हिच्या गाडीत फारसा कधी बसलेलो नाही, बसलो तरी डोळे मिटून. त्या दिवशी डोळे उघडे होते. ती दोन्ही हात चाकावर ठेवून, आरशात बघत, न घाबरता आणि न हुज्जत घालता चालवत होती. मी दुकान जसं चालवतो त्याच्या अगदी उलट.

यार्डात घुम्याने भंगारवाल्याला गाडीचं साल सांगितलं आणि काढलेल्या काचांकडे ढुंकूनही न बघता तडक मागच्या रांगेत गेला. तिथे आमच्याच गाडीची बहीण उभी होती. तोंड चेपलेलं, चाकं गेलेली, पण मागची काच धुळीखाली अखंड. त्याने बाहीने कोपरे पुसले आणि कडेवरून नख फिरवलं. कोपऱ्याला टवका असला तर काच आज नाही तर उद्या जाते, असं तो म्हणाला. टवका नव्हता. आपल्या गाडीचं रबर शाबूत आहे, तेव्हा या गाडीचं कापलं तरी चालेल, असंही तो म्हणाला. बारीक सुरीने त्याने बाहेरून रबराची कड सोलली, न थांबता, एका चालीत, आमच्याकडे जुन्या कोटाची शिवण उसवतात तशी. मग बूट काढले, मोज्यांनिशी आत शिरला, पुढच्या सीटला पाठ टेकवली आणि तळपाय काचेच्या वरच्या कडेला लावले. मला बाहेर उभं केलं आणि सांगितलं की काच तुमच्याकडे येईल, तिला ओढू नका, फक्त येऊ द्या.

तो पायाने लोटत नव्हता, जोर हळूहळू वाढवत होता. आधी डावा कोपरा करकरला, मग मधला भाग सुटला. तो थांबला, श्वास घेतला, पाय चार बोटं सरकवले. काच माझ्या हातात आली तेव्हा इतक्या सावकाश आली की तिचं वजन मला टप्प्याटप्प्याने कळलं. आतून वाकून बाहेर येताना त्याचे हात डोक्यावर होते, आणि सदऱ्याची ती उतरलेली शिवण त्या हातांना कुठे अडत नव्हती. माझ्या मापाचा सदरा असता तर बगलेत टरकन फाटला असता. तीस वर्षं मी ज्या खांद्याला नावं ठेवत आलो तो खांदा कामासाठी बरोबर होता. हे मी त्याला तिथेच सांगितलं. तो म्हणाला, "हो, म्हणूनच एक नंबर मोठा घेतो." झालं, विषय संपला. म्हणजे इतकी वर्षं तो रुसून नव्हता, निदान सदऱ्याच्या बाबतीत तरी.

घरी येताना काच गोधडीत गुंडाळून आमच्या दोघांच्या मांडीवर आडवी होती. ही प्रत्येक खड्ड्याआधी गाडी इतकी हळू करायची की मागच्यांनी भोंगे वाजवले. तिने एकाही भोंग्याला दाद दिली नाही.

दुपारी खरं काम सुरू झालं. मऊ झालेलं रबर घुम्याने काचेच्या कडेने चढवलं. त्या रबराला आतल्या बाजूला एक खाच असते. त्या खाचेत सगळीकडून दोरा भरायचा, दोऱ्याची टोकं खाली मध्यावर सोडायची, काच बाहेरून भोकावर ठेवायची आणि आत बसून दोरा ओढायचा. दोरा निघत येतो तसतशी रबराची जीभ पत्र्याच्या आत उलटत जाते आणि काच जागेवर बसते. ऐकायला सोपं आहे. त्याने पिशवीतून आणलेला दोरा ताणून बघितला, तो जुना होऊन विरला होता. मी आत जाऊन पडद्यांच्या कामाची मेण लावलेली दोरी आणली, जी ताणली तरी लांबत नाही. त्याने ती बोटांत फिरवली आणि मान हलवली. त्या मान हलवण्याने मला का इतका आनंद व्हावा, कोण जाणे.

सगळीकडे साबणाचं पाणी लावून झाल्यावर तो आत जाईल म्हणून मी दार उघडलं. त्याने दोरीची टोकं माझ्या हातात दिली.

"ओढायचं काम तुम्ही करा, भावोजी. माझा अंगठा आता साथ देत नाही. डेपोत सांधा गेला. जोर लावता येतो, पण ताण कळत नाही. तुम्हाला दोऱ्याचा ताण कळतो."

मी हिच्याकडे पाहिलं. ती काचेच्या बाहेरच्या बाजूला हात धरून उभी राहिली. मी आत बसलो. घरात जिचा सगळ्यात जास्त घात मी केला होता त्या बाईची काच, आणि ज्याची चेष्टा केली होती त्या माणसाची कला, दोन्ही माझ्या हातात देऊन ते दोघं बाहेर उभे होते.

पहिली हातभर दोरी लोण्यातून निघावी तशी निघाली. रबर पत्र्यावरून टप टप उलटत होतं, आणि बाहेरून घुम्या बरोबर त्या जागेवर तळहाताने थापटत होता. मी ओढत होतो तिथे त्याचा हात आधीच पोहोचलेला असायचा. बाजू झाली, वरची कड झाली. उजव्या कोपऱ्यात दोरी अडली. मी जरा जोर दिला. हलेना. पुन्हा दिला. हलेना. माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले. हे ठोके मी चांगले ओळखतो. याच्यानंतर मी काहीतरी आपटतो. दोरीला एक हिसका द्यावा, सरळ व्हावी नाही तर जावी चुलीत, असं हातात अगदी येऊन ठेपलं.

"थांबा," बाहेरून आवाज आला.

मी थांबलो. दोरी सोडली नाही आणि ओढलीही नाही. काचेपलीकडे घुम्याने कोपऱ्यावर साबणाचं पाणी सोडलं, हिचा हात धरून तिचा तळवा एका ठरावीक जागी टेकवला, स्वतःचा दुसरीकडे. घाई अजिबात नव्हती. उद्या अकरा वाजता काही आहे हे त्याला माहीत नसावं असा तो उभा होता. माझे ठोके हळूहळू उतरले. उतरतात हे मला माहीत नव्हतं, कारण त्यांना तेवढा वेळ मी कधी दिला नव्हता.

"आता."

मी ओढलं, हिसका न देता. रबराची जीभ तो कोपरा ओलांडून आत आली. उरलेली दोरी मिनिटभरात निघाली आणि रिकामी माझ्या मांडीवर पडली. घुम्याने दव धरू नये म्हणून काच गरम करणाऱ्या तारांची दोन टोकं जोडली, बाहेरून सगळी कड एकदा हाताने दाबत नेली आणि म्हणाला, "बसली."

मी बाहेर आलो आणि हिच्यासमोर उभा राहिलो. घुम्या होता तिथेच, पण म्हटलं ऐकू दे. "कागदाचं मुद्दाम नव्हतं," मी म्हणालो. "दाराचं मात्र रागानेच होतं. काच फुटावी असं मनात नव्हतं, पण तू जाऊ नयेस असं होतं. तू सांगितलंस ते मी ऐकलं होतं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी उद्या जाणार आहे. परवाही जाणार आहे."

"जा," मी म्हणालो.

सोमवारी आम्ही तिघं तपासणीला गेलो. अधिकारी बारीक, कमी बोलणारा माणूस होता. दिवे, ब्रेक, चाकं झाल्यावर तो मागच्या काचेशी आला. दोन्ही अंगठ्यांनी कोपरे दाबले, तळहाताने थापटलं, पाण्याची नळी मागवून पाच मिनिटं काचेवर धरली आणि मग आतल्या सीटवर कोरडा रुमाल फिरवला. रुमाल कोरडाच निघाला. अधिकाऱ्याने विचारलं, हे काम कुठे करून घेतलं, असं रबराचं काम बऱ्याच वर्षांत बघितलं नाही.

"यांनी केलंय," मी म्हणालो. "माझे मेहुणे. तीस वर्षं डेपोत काचा बसवल्यात. मी जन्मभर हाताचं काम करतोय साहेब, पण असा हात मी पाहिलेला नाही."

घुम्या आपल्या बुटांकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. अधिकाऱ्याने सही केली.

पावणेबारा वाजले होते. हिने कागद घेतला, पर्समध्ये कोंबला, गाडीत बसली, सीटबेल्ट लावला आणि निघाली. आम्ही दोघं फाटकाशी दार उघडायला हात पुढे केलेले तसेच उभे. वर्ग बाराला असतो. तिकडे अकरा जणी थांबलेल्या होत्या, आणि त्या घाईत नवरा आणि भाऊ दोघंही तिच्या डोक्यातून साफ निघून गेले होते.

"ताई आपल्याला विसरली," घुम्या म्हणाला.

दुकान तिथून तासाभराच्या चालीवर होतं आणि ऊन चांगलंच चढलं होतं. मी राग येण्याची वाट बघत उभा राहिलो. मागच्या काचेतून तिचं डोकं दिसत होतं, वळणापाशी आरशाकडे जरासं वळलेलं, मग पुन्हा समोर. ती मला टाकून निघून गेली होती, आणि मला बरं वाटत होतं.